कुडाला फट आहे म्हणून?

नळदुर्गचा किल्ला बघायला लांबून लोक येतात. बोरी नदी अडवून घातलेला बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. अंगावरून नदी जाते आणि आतला माणूस कोरडा राहतो, याचं सगळ्यांना कौतुक. कौतुक करावंच. पण किल्ल्याकडं आपल्या डोळ्यांनी बघा. उपळी बुरुजावर चढलं की चौफेर मुलूख दिसतो. तटाच्या आड बसलं की बाहेरच्या कुणाला आपण दिसत नाही. सत्ता म्हणजे दुसरं काय असतं? ज्याला सगळं दिसतं आणि जो कुणाला दिसत नाही, तो धनी. ज्याला चढायला बुरूज नाही आणि लपायला तट नाही, तो सगळ्यांच्या पायाखालचा. गावाबाहेरची आमची घरं या दुसऱ्या जातीची आहेत.

चोरून बघणाऱ्यांचा विषय काढला की लोक हसतात. साहित्यिक हसतात, पुढारी हसतात, ठाण्यातला जमादार तर पोट धरून हसतो. त्यांच्या लेखी ही पोरासोरांची थेरं. म्हणून आधी हे घर कसं असतं ते सांगतो.

चार मेढी रोवायच्या. त्यांना जुनं लुगडं किंवा खताची रिकामी पोती गुंडाळायची. खाली एक फरशीचा तुकडा. वर आभाळ. ही आमची न्हाणी. कुणी पत्रा लावला असेल तर त्याला खिळ्याची भोकं आहेत, आणि भोकाला डोळा लावायला कुणाला परवानगी लागत नाही. म्हणून बाया कोंबडं आरवायच्या आत अंघोळ उरकतात. थंडीत, गार पाण्यानं, अंगावरचं पातळ न सोडता. २०१८ साली सरकारनं ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. वेशीवर बोर्ड लागले. ज्या संडासाला पाणी नाही त्यात सरपण भरलं गेलं, आणि बाया अंधारात होत्या त्याच वाटेनं जात राहिल्या. त्या वाटेवर बॅटरीचा झोत कोण मारतं, ते प्रत्येक बाईला माहीत आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. फडाच्या कडेला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, वाकून आत जायचं. कोपीला दार नसतं. पाच-सहा महिने एक बाई तिथं झोपते, बाळंत होते, पाळीचे दिवस काढते, आणि अंघोळीला उसाच्या सरीत जाते. तिच्याकडं बघणाऱ्याला उडी मारायला कुंपणसुद्धा नाही.

आता फटीला डोळा लावायचीही गरज उरली नाही. मोबाइल वर धरला की झालं. डोळ्यानं पाहिलेलं निदान एकाच्या डोक्यात राहत होतं. मोबाइलनं घेतलेलं सकाळपर्यंत अख्ख्या गावाच्या खिशात जातं.

वाड्याच्या न्हाणीघरात कुणी का डोकावत नाही? भिंत उंच आहे म्हणून? भिंतीवर चढता येतं, शिडी लावता येते. तरी कुणी चढत नाही. कारण चढणाऱ्याला ठाऊक असतं, की सापडलो तर हातपाय जाग्यावर राहणार नाहीत आणि ठाणंही वाड्याच्याच बाजूनं धावत येईल. आमच्या कुडाशी येणाऱ्यालाही ठाऊक असतं. सापडलो तर काय? काही नाही. म्हणजे घराचं रक्षण भिंत करत नाही. भिंतीमागं कायदा उभा आहे की नाही, यावर सगळं ठरतं. आमच्या कुडामागं तो उभा राहत नाही. लेख लिहायचं कारण एवढंच.

ठाण्यात काय होतं? कुठल्या एका ठाण्याचं नाव घेत नाही, पाढा सगळीकडं एकच आहे. बाई जाते. सोबत नवरा, नाहीतर सासू. दोन तास बाकड्यावर. मग प्रश्न सुरू.

"दार होतं का?"

"न्हाय साहेब, पोतं लावल्यालं हाय."

"मग दिसणारच की! त्याला काय आंधळं व्हायला सांगू?"

"साहेब, रोज येतोय त्यो."

"रोज येतो म्हणजे वळखीचा दिसतो. तुझं त्याचं काय हाय का?"

"..."

"हात लावला का? न्हाय ना? मग केस कशाची? समज देतो त्याला. जावा आता."

फारच हटून बसली तर एक कागद हातात पडतो. वर लिहिलेलं, अदखलपात्र. एनसी. बाईला वाटतं तक्रार झाली. झालेलं काहीच नसतं. एनसी म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय आम्ही तपास करणार नाही, अशी पोलिसांनी स्वतःलाच दिलेली सुट्टी. संध्याकाळी पोलीस पाटील येतो. "मिटवून टाका. पोरीचं नाव होईल." पोरीचंच! बघणाऱ्याचं नाव होत नाही, जिच्याकडं बघितलं तिचं होतं. हा कुठला हिशेब?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-सी हे कलम आलं. खासगी कृत्य करत असलेल्या बाईला चोरून बघणं किंवा तिचा फोटो घेणं हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेचं कलम ७७ आहे. पहिल्या वेळी कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त ३ वर्षं. पुन्हा केलं तर ३ ते ७ वर्षं. गुन्हा दखलपात्र आहे. दखलपात्र! म्हणजे एनसीचा तो कागद मुळातच बेकायदा. हात लावला की नाही याचा या कलमाशी संबंध नाही. बघणं हाच गुन्हा आहे. बाई अंघोळ करत नसेल, भाकरी थापत असेल, झोपलेली असेल, तरी तिचा अपमान करायच्या इराद्यानं तिच्या आडोशात शिरणं हा कलम ७९ चा गुन्हा, ३ वर्षांपर्यंत. हे जुनं ५०९. इंग्रजानं १८६० सालीच लिहून ठेवलेलं. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ हे कलम ठाण्याच्या कपाटात पडून आहे. आमच्यासाठी कपाटाची किल्ली सापडत नाही.

कुणी म्हणेल, खासगीपणा ही शहरातली, शिकलेल्या लोकांची चैन, कुडाच्या घराला ती कशाला? खोटं आहे. या देशातली कोर्टं हा हक्क शंभर-दीडशे वर्षांपासून मानत आली आहेत. फक्त कुणाचा, ते बघा. १८६७ साली मुंबई हायकोर्टानं गुजरातच्या एका खटल्यात मानलं, की शेजाऱ्याचा आडोसा मोडेल अशी नवी खिडकी पाडणं तिथल्या रिवाजाविरुद्ध आहे. १८८८ साली अलाहाबाद हायकोर्टानं पडदानशीन बायकांच्या अंगणावर नजर पडेल असं बांधकाम करणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध निकाल दिला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तर उदाहरणच छापलं आहे, की अमुक शहराच्या रिवाजाप्रमाणं शेजाऱ्याच्या घरातला झाकलेला भाग दिसेल अशी खिडकी काढता येत नाही. म्हणजे ज्या घरात गोषा होता, ज्या बाईला उन्हात काम करावं लागत नव्हतं, तिच्या अंगणासाठी कोर्टानं खिडक्या अडवल्या. जी बाई दुसऱ्याच्या रानात खुरपत होती, तिला पडद्याचा रिवाज कुठून असणार? रिवाज नाही म्हणून हक्क नाही. ज्यांनी आमच्या आज्यांना अर्ध्या लुगड्यात राबवलं, त्यांनीच पुन्हा विचारलं, तुमच्यात कुठं पडदा असतो?

आजच्या कलमातही एक फट आहे, आणि पोलीस नेमका तिथूनच निसटतो. कलम म्हणतं, जिथं खासगीपणाची अपेक्षा वाजवीपणे धरता येईल अशी जागा पाहिजे. वाजवी कुणाच्या हिशेबानं? फरशीच्या बाथरूममध्ये अंघोळ करणाऱ्या साहेबाच्या हिशेबानं पोत्याची न्हाणी ही जागाच नव्हे. पण कलमात पुढं "त्या परिस्थितीत" असेही शब्द आहेत, ते कुणी वाचत नाही. परिस्थिती बघा ना! जिच्याकडं विटा नाहीत तिनं पोतं लावलं. पोतं कशासाठी लावतात? वाऱ्यासाठी? पोतं लावलं म्हणजे तिनं सांगितलं, इथून पुढं बघू नका. एवढं वाक्य ज्याला समजत नाही त्यानं खाकी घालू नये.

वर आणखी एक गंमत. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तराखंडातल्या एका खटल्यात सांगितलं, की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना दिलेली जातीवाचक शिवी "लोकांच्या नजरेसमोर" दिली असं धरता येणार नाही, म्हणून अॅट्रॉसिटीच्या त्या कलमात ती बसत नाही. ठीक. आता ठाण्यातला जमादार आणि हे कोर्ट शेजारी शेजारी उभे करा. आम्हाला घरात घुसून शिवी दिली, की आमच्या घराला चार भिंती असतात. आमच्या बाईकडं कुणी डोकावलं, की त्याच भिंती गळून पडतात आणि तिथं उघडं मैदान होतं. भिंत आहे का नाही ते एकदा ठरवा! दोन्ही वेळी नुकसान आमचंच कसं होतं?

आणि ज्यांच्याकडं तक्रार घेऊन जायचं, त्यांचा इतिहास काय सांगतो? १९६५ च्या नोव्हेंबरात भिवंडीला एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री वर्दीत एका बाईच्या झोपडीत शिरला. तिनं आरडाओरडा केला, लोक जमले. खात्यानं चौकशी करून त्याला काढलं. तो हायकोर्टात गेला, आणि मुंबई हायकोर्टानं बाईचं चारित्र्य काढलं. असल्या बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, असा प्रश्न. १९९० साली सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला आणि सांगितलं, की बाई कशीही असो, तिच्या घराचा आडोसा तिचा आहे, वाटेल त्यानं वाटेल तेव्हा तो मोडू नये. २५ वर्षं लागली. एका झोपडीला दार आहे हे मानायला या देशाच्या कोर्टांना २५ वर्षं लागली. मध्ये १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. कारण? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. "हात लावला का?" हा आजचा प्रश्न त्याच वंशातला आहे.

आमच्या पारधी, कैकाडी भावांना विचारा. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. इथून तासाभराच्या वाटेवर सोलापूरची सेटलमेंट, तारेच्या कुंपणातली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पालात रात्री घुसून पांघरूण ओढून माणसं मोजायची सवय गेली नाही. १९६२ साली खरकसिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोलिसांनी रात्री-बेरात्री घरी जाऊन उठवणं बेकायदा ठरवलं, पण त्याच निकालात म्हटलं, खासगीपणाचा हक्क घटनेत नाही. तो आहे हे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात, सांगितलं. पालाच्या कनातीपर्यंत ती बातमी अजून चालत यायची आहे. राखण आणि पाळत हे दोन वेगळे शब्द आहेत. वाड्याच्या वाट्याला राखण आली. आमच्या वाट्याला पाळत.

आणि राखण कुणी केली? पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण महारानं केली. रात्रीची गस्त त्याची, वेशीवरचा पहारा त्याचा, चोराचा माग काढायचा त्यानं. गाव निवांत झोपावं म्हणून तो काठी आपटत गावकुसाबाहेर जागा राहिला. मोबदला काय? भाकरतुकडा आणि वतनाची बेडी. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले होते. वतनाच्या गुलामीविरुद्धचा तो लढा १९२८ पासून चाललेला. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी शेकडो वर्षं दुसऱ्याची दारं राखली, त्यांच्या लेकीच्या न्हाणीजवळ एक शिपाई एक रात्र फिरवायला सांगितलं, तर स्टाफ कमी पडतो!

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. कडू लागतील. कुणी डोकावलं की आपण पहिलं काय करतो? पोरीची शाळा बंद करतो. न्हाणीची वेळ बदलतो. सोळाव्या वर्षी पोरगी उजवून टाकतो. म्हणजे गुन्हा त्यानं केला आणि शिक्षा आपण आपल्या लेकीला दिली, तीही जन्मठेपेची. हे आपण मनूच्या कुठल्या अध्यायातून शिकलो? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, ताठ चाला. कोपऱ्यात लपा असं सांगितलं नव्हतं.

दुसरं. डोकावणारा कधी कधी वाड्यातला नसतो, आपल्याच वस्तीतला असतो. तेव्हा आपली म्हातारी माणसं लगेच म्हणतात, घरची गोष्ट घरात ठेवा, बाहेर गेली तर समाजाची बदनामी. मग पोलीस पाटलात आणि आपल्यात फरक काय राहिला? त्याच्यावर अॅट्रॉसिटी लागणार नाही, पण कलम ७७ जात विचारत नाही. लावायचंच.

तिसरं. "अॅट्रॉसिटीचा गैरवापर होतो" हे तुणतुणं. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात प्राथमिक चौकशीची अट घातली. २ एप्रिलला देशभर माणसं रस्त्यावर आली, काहींचे जीव गेले. त्याच वर्षी संसदेनं १८-अ कलम घालून ती अट उडवली, आणि २०२० साली कोर्टानंही ती दुरुस्ती मान्य केली. म्हणजे आज "आधी चौकशी करू, मग गुन्हा दाखल करू" असं अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात कुणी म्हणत असेल तर तो कायदा मोडतो आहे. चोरून बघण्याचं जुनं ३५४-सी अॅट्रॉसिटी कायद्याच्या परिशिष्टात आहे. बाई अनुसूचित जातीची आहे हे माहीत असून दुसऱ्या समाजातल्या माणसानं हे केलं, तर अॅट्रॉसिटी लागते. तपास मग डीवायएसपीनं करायचा, जमादारानं नाही.

म्हणून जायचं ते असं. बाईनं एकटीनं जायचं नाही, दहा जणींनी जायचं. तोंडी सांगून परत यायचं नाही. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख. या कलमांखाली बाईचा जबाब बाई पोलिसानं घ्यायचा आहे. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय बाकड्यावरून उठायचं नाही. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर सांगायचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्द विचारत नाही. तरी घेतलं नाही तर पोस्टानं एसपीला, आणि तिथंही पडून राहिलं तर मॅजिस्ट्रेटकडं. आणि जाताजाता त्या जमादाराला न्याय संहितेचं कलम १९९ मोठ्यानं वाचून दाखवायचं. ७७, ७९ सारख्या गुन्ह्याची खबर नोंदवली नाही तर नोंदवून न घेणाऱ्यालाच ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी. अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ ही त्याच कामाचं आहे. हे ऐकल्यावर त्याचं हसू कुठं जातं ते बघा.

त्याबरोबर नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला, साखर कारखान्याला विचारा. आमच्या वस्तीत कडी लागणारी न्हाणी किती? नळाला पाणी असलेले, दिवा असलेले संडास किती? फडावरच्या कोप्यांजवळ बायांसाठी चार पत्रे उभे करायला किती खर्च येतो? बोर्ड नका दाखवू, कडी दाखवा.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये राजा ढाल्यांनी "साधना"त झेंड्याच्या अपमानाचा दंड आणि दलित बाईच्या अब्रूचा दंड शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा सभ्य लोकांना झेंड्याचा राग आला, दंडाचा आला नाही. आजही आम्ही न्हाणीचं बोलतो तर त्यांना भाषा अश्लील वाटते. वाटू दे. डोळा फटीला लावणारा अश्लील. त्याला समज देऊन सोडणारा अश्लील. दहा बाया ठाण्याच्या पायरीवर बसून एफआयआर मागतात, हे या सगळ्यातलं सगळ्यात सभ्य दृश्य आहे.

आडोसा विटांचा नसतो. तो बाईच्या अंगाबरोबर असतो, ती वाड्यात असो, पालात असो, कोपीत असो, की आभाळाखाली पोतं धरून उभी असो. कुडाला फट असेल. आमच्या हक्काला फट नाही. रजिस्टर उघडा, जमादार. लिहा.